पगार माणसाचा, वाटणी निधीची : न्यासाचे पगारपत्रक एक्सेलमधून प्रणालीवर आणतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

आमचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे. तालुक्याच्या गावी एक छोटे रुग्णालय, मेळघाटात धारणी-चिखलदरा भागात आणि नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात आरोग्य व शिक्षणाचे प्रकल्प, पुण्यात कार्यालय. माणसे दोनशेच्या आसपास. पैसा तीन वाटांनी येतो : परदेशी देणगी, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी), आणि स्थानिक देणग्या व ठेवींचे व्याज. पगार, पीएफ, विमा, रजा आणि या सगळ्यासाठी लागणारी संगणक प्रणाली हे खाते आता माझ्याकडे आहे. आजवर सगळे एक्सेलवर चालले. ते एका प्रणालीवर आणायचे आहे. आमच्यासारख्या दुसऱ्या संस्था याच वाटेने जाणार आहेत, त्यांच्या हाताशी काहीतरी असावे म्हणून या नोंदी.

जुन्या फायली उघडल्यावर मूळ दुखणे लगेच दिसले. प्रत्येक प्रकल्पाचे पगारपत्रक वेगळे. जो माणूस दोन प्रकल्पांत अर्धा-अर्धा काम करतो, तो दोन पत्रकांत दोनदा येतो, दोन अर्ध्या पगारांसह. आणि प्रत्येक पत्रक त्याला पूर्ण माणूस समजून कपाती करते.

याचे परिणाम लिहून ठेवते. एका सहकाऱ्याला दोन पत्रकांत ९,५०० आणि ९,५०० असे मिळून १९,००० मिळतात. व्यवसाय कर दोन्हीकडे १७५ रुपये, म्हणजे महिन्याला ३५० कापला गेला. एकत्र पगारावर तो २०० हवा होता. एका ताईंना १६,००० आणि १२,००० मिळून २८,००० मिळतात. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे दोन्ही पत्रकांनी त्यांना माफी दिली आणि कर कापलाच नाही. एकाचा मूळ पगार ९,००० अधिक ८,०००, मिळून १७,०००. पत्रकाला पेन्शनसाठीची १५,००० ची मर्यादा ओलांडल्याचे कळलेच नाही, आणि पीएफच्या पेन्शन योजनेत १,२५० ऐवजी १,४१६ रुपये जात राहिले. रुग्णालयाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे. तिथल्या पत्रकात १४,००० दिसणाऱ्या एका परिचारिकेचा खरा पगार २६,००० आहे, म्हणजे २१,००० च्या मर्यादेबाहेर. तरी तिच्याकडून वर्गणी घेतली गेली.

यात कोणी हिशेबात चूक केलेली नाही. प्रत्येक पत्रक आपापल्या जागी बरोबर आहे. निधी वेगळा म्हणून माणूसही वेगळा धरला, बिघाड तिथे आहे. पुढचे सगळे काम या एका गोष्टीवर बेतायचे ठरवले : पगार माणसाचा एकच, निधीची वाटणी त्यानंतर आणि स्वतंत्र.

१४ ऑगस्ट

प्रणाली विकणाऱ्यांची प्रात्यक्षिके सुरू झाली. सगळे जण भरती, मूल्यमापन, वाढदिवसाचे संदेश यांवरच वेळ घालवतात. आता मी आधीच सांगते की आमच्या सहा माणसांची उदाहरणे देते, नावे बदलून, तेवढ्यांचा पगार माझ्यासमोर काढून दाखवा. त्या सहांत दोन प्रकल्पांत विभागलेली एक ताई, महिन्याच्या मध्यात एका निधीतून दुसऱ्यात गेलेला एक दादा, सहामाहीच्या मध्येच २१,००० ओलांडलेला वॉर्डबॉय, ५८ पूर्ण झालेला वाहनचालक, प्रसूती रजेवरची एक परिचारिका आणि आठवड्यातून दोनच दिवस येणारे डॉक्टर आहेत.

बहुतेक प्रणाल्या पहिल्याच उदाहरणाला अडल्या. त्यांच्याकडे एका कर्मचाऱ्याला एकच कॉस्ट सेंटर (खर्च टाकायचे शीर्ष) लागते. कारखान्याला आणि दुकानाला ते पुरते. आम्हाला दर महिन्याला बदलणारे प्रमाण आणि त्यानुसार टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणारी जर्नल नोंद हवी, तीही पगारासोबत मालकाच्या पीएफ हिश्श्याची आणि ग्रॅच्युइटीच्या तरतुदीची. पगार वाटला आणि मालकाचा हिस्सा एकाच निधीवर पडला, तर तो निधी फुगतो आणि देणगीदार ती रक्कम नाकारतो.

२१ ऑगस्ट

एक प्रणाली ठरली. दर प्रति कर्मचारी प्रति महिना आहे, पण करारात किमान अडीचशे माणसांचे बिल लिहिले होते. ते खोडून घेतले. जुनी माहिती आणून देण्याचे वेगळे सत्तर हजार मागितले, ते काम आम्ही स्वतःकडे घेतले. देणगीदारांच्या नमुन्यातल्या प्रत्येक अहवालाचे वेगळे पैसे लागतील हे तिसऱ्या बैठकीत कळले. करार संपला तर आमची सगळी माहिती आम्हाला साध्या तक्त्यात परत मिळेल, हे कलम स्वतः घालून घ्या. आमच्या मसुद्यात ते नव्हते.

३ सप्टेंबर

मूळ माहिती गोळा करणे. हे काम आठवड्यात उरकेल असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. सत्तर हजार वाचले खरे, पण लेखाविभागाच्या दोन जणांचा जवळजवळ सगळा सप्टेंबर यात जाणार आहे.

नावे : आधारवर एक, पीएफला दुसरे, बँकेत तिसरे. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंचे तर तिन्हीकडे वेगळे. पीएफ काढायची किंवा बदली करायची वेळ येते तेव्हा हेच अडते, आणि तोवर ती व्यक्ती संस्था सोडून गेलेली असते. नियम केला की प्रणालीत मुख्य नाव आधारप्रमाणे, बँकेतले नाव वेगळ्या रकान्यात, आणि पीएफचे नाव जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करायची.

जन्मतारीख : १ जून भरपूर. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. आधारवर १ जानेवारी, दाखल्यावर १ जून, असे कितीतरी जण. वयावर पेन्शन योजनेची ५८ ची अट अवलंबून आहे, म्हणून ज्यांचे वय ५५ च्या पुढे आहे त्यांची कागदपत्रे आधी घेतली.

बँक खाते : यात एक्सेलने मोठे नुकसान केले. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच संख्या नीट धरते, पुढचे अंक शून्य करून टाकते. आमच्या काही लोकांचे खाते क्रमांक सोळा-सतरा अंकी आहेत. सुरुवातीला शून्य असलेल्या क्रमांकांतले शून्यही गळले. तक्ता पाहून चूक कळत नाही, क्रमांक खराच वाटतो. सगळे रकाने आधी मजकूर स्वरूपात करून मगच माहिती भरायची. आम्ही तसे केले नव्हते, त्यामुळे पासबुकांचे फोटो पुन्हा मागवून अंक न् अंक ताडून पाहावा लागला. बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेले आयएफएससी कोडही याच फेरीत सापडले.

१५ सप्टेंबर

आज निधीवाटपाचा तक्ता. सगळ्यांत अवघड भाग हाच, आणि यावर कुठेच काही लिहिलेले मिळाले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खात्यात येते. तिथून ती आपल्या युटिलायझेशन खात्यात नेऊन खर्च करता येते. पण परदेशी आणि स्थानिक पैसा एका खात्यात मिसळता येत नाही. मग ज्याचा अर्धा पगार परदेशी निधीतून आणि अर्धा सीएसआरमधून, त्याला पगार कोणत्या खात्यातून द्यायचा?

आमच्याकडे आजवर सगळा पगार स्थानिक खात्यातून जायचा आणि नंतर परदेशी निधीचा वाटा त्या खात्यात वळता व्हायचा. लेखापरीक्षकांनी याला गेल्या वर्षीच हरकत घेतली होती. आम्ही आधी दोन बँक फायलींचा प्रयोग केला. एका माणसाची एकच पगारचिठ्ठी, पण खात्यात दोन रकमा. चाचणीतच गोंधळ झाला. अर्धीच रक्कम आली की लोक घाबरून फोन करतात, आणि कर्जाचा हप्ता ज्या दिवशी कापला जातो त्या दिवशी पूर्ण रक्कम आलेली नसते.

शेवटी तोडगा प्रणालीत नाही, नियोजनात सापडला. परदेशी आणि स्थानिक निधी शक्यतो एका माणसात मिसळायचाच नाही. प्रकल्प संचालकांसोबत बसून पदांची फेररचना केली. ज्या पदांना दोन्हींतून पैसा होता ती एकेका बाजूला नेली, आणि त्या बदल्यात दुसरी पदे दुसऱ्या बाजूला. सीएसआर आणि स्थानिक देणगी एका माणसात चालते. हिशेब वेगळा ठेवावा लागतो, पण पैसे एकाच खात्यातून जातात. या अदलाबदलीनंतरही मोजकी माणसे दोन्हीकडे उरलीच. त्यांच्यासाठी काय करायचे ते लेखापरीक्षकांकडून लेखी घेतले. तोंडी सल्ल्यावर हे करू नका.

२४ सप्टेंबर

एफसीआरएमध्ये प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. २०२० च्या दुरुस्तीआधी ती ५० होती. कोणाचा पगार प्रशासकीय आणि कोणाचा थेट कामाचा, हे पदावरून ठरवून प्रणालीत खूण केली. नियमांत रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चातून वगळले आहेत. संशोधनासाठी गावात फिरून माहिती गोळा करणाऱ्यांचेही वगळले आहेत. जुन्या फायलीत आमच्या परिचारिका प्रशासकीय रकान्यात होत्या, कारण कधीकाळी रुग्णालयाचा सगळा पगार एका ओळीत टाकला गेला होता. वर्षानुवर्षे २० टक्के पुरत नाहीत म्हणून लेखाविभागाची एक जागा आम्ही रिकामी ठेवली. ती भरता आली असती.

९ ऑक्टोबर

हजेरीचे ॲप दुर्गम भागात बसले नाही. ठरावीक ठिकाणी पोहोचल्याशिवाय हजेरी लागू नये अशी सोय त्यात आहे, आणि विक्रेत्याने ती सुरू करून दिली होती. धडगावच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्यसेविकेचे ठरावीक ठिकाण कोणते? नेटवर्क नसले की हजेरी लागत नाही, हजेरी नाही म्हणून आपोआप बिनपगारी रजा. पहिल्याच महिन्यात सर्वांत लांब चालणाऱ्या बायांच्या नावावर सर्वांत जास्त रजा दिसल्या.

ठिकाणाची अट काढून टाकली. फोनवर नोंद करायची, नेटवर्क मिळेल तेव्हा ती पोहोचेल, आणि नोंद नसेल तर रजा न धरता पर्यवेक्षिका ताईंना विचारणा जाईल. बिनपगारी रजा माणसाने मंजूर केल्याशिवाय लागणार नाही, ही अट प्रणालीत घालून घेतली. माझ्या मते हजेरीतून पगार आपोआप कापणारी कोणतीही जोडणी क्षेत्रकार्य करणाऱ्या संस्थेने सुरू करू नये.

वेळेची नोंदही इथेच बदलली. पूर्वी अंदाजपत्रकात ४०-६० असले की दर महिन्याला ४०-६० लिहिले जायचे. लेखापरीक्षकाला ते लगेच दिसते, कारण कोणाचेही काम बारा महिने तंतोतंत तसेच नसते. तासांचा हिशेब मागितला तर लोक तो खोटा भरतात. अर्धा दिवस हे माप ठेवले. सकाळ कोणत्या प्रकल्पाची, दुपार कोणत्या, एवढेच मराठीतून विचारायचे.

३ नोव्हेंबर

ऑक्टोबरचा पगार जुन्या एक्सेलवर आणि नव्या प्रणालीवर, दोन्हीकडे काढला. आधी सगळे प्रकल्प माणसागणिक एकत्र करून मगच ताळा केला. मोठे फरक असे :

एक-एक रुपयाचे फरक खूप. ईएसआयची वर्गणी पुढच्या पूर्ण रुपयाला नेतात, पीएफची जवळच्या रुपयाला. आमची जुनी फाइल दोन्हीकडे एकच सूत्र वापरत होती.

जुलैत पगारवाढ होऊन २१,००० ओलांडलेल्यांना जुन्या फाइलने त्याच महिन्यात ईएसआयमधून काढले होते. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येच मर्यादा ओलांडली तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवावी लागते. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत ती द्यायला हवी होती. थकबाकी संस्थेने भरायची असे ठरले. आता त्यांच्या पगारातून ती मागणे बरोबर नाही.

तिसरा फरक नव्या प्रणालीचा होता. तिने सर्वांना पेन्शन योजनेत घातले. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला, आणि तेव्हाच ज्याचा पीएफचा पगार १५,००० च्या वर होता, तो पेन्शन योजनेचा सभासद होत नाही. त्याच्याबाबतीत मालकाचा पूर्ण १२ टक्के हिस्सा पीएफ खात्यात जायला हवा. आमच्या काही डॉक्टरांचे पैसे चुकीच्या खात्यात गेले असते. विक्रेता म्हणाला, बाकी कोणाची अशी तक्रार नाही. प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे पेन्शन सभासद हो किंवा नाही असा रकाना आहे, तो आधीच भरलेला होता. आम्ही सगळ्यांचे जुने फॉर्म तपासून तो हाताने भरला.

१० नोव्हेंबर

आजची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमच्याकडे मानधनावरची माणसे आहेत. गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, वाचनवर्ग घेणारे, रुग्णालयात रोज येणारे दोन मदतनीस. पूर्ण वेळ काम, ठरलेली वेळ, रजेसाठी परवानगी, वरिष्ठाची देखरेख, सगळे कर्मचाऱ्यासारखे. तरी त्यांचे पैसे व्यावसायिक शुल्क म्हणून जायचे, १० टक्के टीडीएस कापून. महिना १२,००० मिळणाऱ्या बाईचे दर महिन्याला १,२०० कापले जातात. तिचे उत्पन्न करपात्रच नाही, पण पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते, आणि ते कोणी भरलेले नाही. पीएफ नाही, विमा नाही, आणि होता तो पैसाही अडकून पडला.

नवी प्रणाली या लोकांना सल्लागार या गटात घ्यायला तयार होती. एक खूण केली की झाले. मी ते केले नाही आणि संचालकांकडे गेले.

योगायोगाने वेळ बरी आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेची कर्मचारी नोंदणी योजना १ नोव्हेंबरपासून सुरू झाली आहे. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात रुजू होऊन पीएफबाहेर राहिलेल्यांना मालकाने स्वतःहून नोंदवायचे. कर्मचाऱ्याचा हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ. मालकाने आपला हिस्सा, व्याज आणि प्रशासकीय शुल्क भरायचे, दंड एकरकमी १०० रुपये. मुदत ३० एप्रिल २०२६ पर्यंत. एरवी अशी थकबाकी बाहेर आली की नुकसानभरपाईचाच आकडा छातीत धडकी भरवतो, म्हणून संस्था गप्प बसतात. आता गप्प बसायला कारण उरलेले नाही.

अडचण पैशाची. जुन्या वर्षांचा मालकाचा हिस्सा कोणत्या निधीतून? ते प्रकल्प बंद झाले, देणगीदारांचे हिशेब मिटले. चालू अनुदानातून मागील वर्षांची देणी भागवता येत नाहीत. म्हणजे हा पैसा संस्थेच्या स्वतःच्या गंगाजळीतून. कोशाध्यक्षांनी आकडा पाहून बराच वेळ काही म्हटले नाही, मग म्हणाले, “ताई, हे आपण देणं लागतो. ठरावाचा मसुदा करा.”

२४ नोव्हेंबर

चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) २१ तारखेपासून लागू झाल्या. आमची पगाराची सगळी रचना प्रणालीत भरून झाली होती.

मुख्य बदल वेतनाच्या व्याख्येत. घरभाडे, प्रवास असे वगळायचे भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीची रक्कम वेतनात धरायची. आमच्या जुन्या रचनेचे उदाहरण घेते. एकूण ३०,००० : मूळ १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवास ८,०००. वगळलेले भत्ते २०,०००, निम्मे होतात १५,०००, म्हणून ५,००० वेतनात परत येतात आणि वेतन १५,००० धरले जाते. दहा वर्षे काम केलेल्याची ग्रॅच्युइटी आधी ५७,६९२ रुपये होती, ती आता ८६,५३८ रुपये. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरणाऱ्यांना हातात येणाऱ्या पगाराची भीती नाही. पण ज्यांचा मूळ पगार मुद्दाम कमी दाखवला होता त्यांची कपात वाढेल, हे आधी समजावून सांगायला हवे.

नियम अंतिम होईपर्यंत थांबू या, असे एक मत बैठकीत आले. मी विरोध केला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीएफच्या निकालात, सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता मूळ पगारातच धरायचा हे सांगून ठेवले आहे, आणि त्या निकालाच्या नावात एक शाळाच आहे. आपल्यासारख्या संस्थांना हे नवे नाही. जानेवारीपासून मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा ठेवायचे ठरले.

२८ नोव्हेंबर

संहितेतला दुसरा मुद्दा ठरावीक मुदतीच्या नेमणुकांचा. अशा कर्मचाऱ्याला आता एक वर्ष पूर्ण झाले की ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षांची वाट पाहावी लागत नाही. प्रकल्पावर चालणाऱ्या संस्थेत बहुतेक नेमणुका अशाच असतात.

यावरून आमची अकरा महिन्यांची पत्रे पुन्हा चर्चेत आली. सात-सात वर्षे सलग काम करणाऱ्या सहकाऱ्यांना दर वर्षी अकरा महिन्यांचे नवे पत्र दिले जाते, मध्ये एक-दोन दिवसांची मोकळीक दाखवून. अशा कागदी खंडाने सेवा तुटते असे मानणे कायद्यातही टिकत नाही आणि आमच्या उद्दिष्टांतही बसत नाही. जी संस्था गावात जाऊन मजुरांना त्यांचे हक्क समजावते, तिने आपल्या माणसाला वर्षातून एकदा कागदावर बेकार करू नये. हे मी बैठकीत याच शब्दांत मांडले. अनुदानाची मुदत तीन वर्षांची तर नेमणूकपत्रही तीन वर्षांचे, असा ठराव झाला. नव्या प्रणालीत जुनी रुजू तारीख हीच खरी तारीख म्हणून भरली. जुन्या फायलींत शेवटच्या पत्राची तारीख होती, म्हणून प्रत्येकाचे पहिले पत्र शोधावे लागले.

११ डिसेंबर

हा वाढलेला खर्च पुढच्या अंदाजपत्रकांत बसवण्यासाठी एक तक्ता केला : एका माणसाचा खरा वार्षिक खर्च. पगार, मालकाचा पीएफ हिस्सा, विम्याचा हप्ता, ग्रॅच्युइटीची तरतूद वेतनाच्या ४.८१ टक्के (पंधरा भागिले सव्वीस, भागिले बारा), रजा रोखीकरण. पूर्वी अंदाजपत्रकात फक्त हातात येणारा पगार असायचा, आणि बाकीचे कुठून तरी भागवले जायचे. वर लिहिलेले बरेचसे त्या कुठून तरीमधूनच आले.

एका कंपनीच्या सीएसआर विभागाने हा तक्ता परत पाठवला, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही म्हणून. हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या प्रश्नोत्तरांतही ते आहे. शिवाय आरोग्यसेविकेचा पगार आणि तिची ग्रॅच्युइटी हा प्रकल्पाचाच खर्च आहे. नम्र पत्र लिहिले, नियमाचा उतारा जोडला. आज होकार आला. दुसऱ्या एका देणगीदाराने ग्रॅच्युइटीची ओळ नाकारली आहे. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

२२ डिसेंबर

वर्षाच्या मध्ये प्रणाली बदलली की एप्रिल ते डिसेंबरचे पगार आणि टीडीएस आत भरावे लागतात, नाहीतर उरलेल्या तीन महिन्यांत कर चुकतो. आम्हाला याची धास्ती होती, पण काम लवकर झाले. नव्या कररचनेत यंदा पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे टीडीएस मोजक्या डॉक्टरांचा आणि संचालकांचाच. भाडेपावत्या आणि गुंतवणुकीचे पुरावे गोळा करणारा भाग जुनी रचना निवडणाऱ्यांपुरताच सुरू ठेवला. फक्त आधीच्या तिमाही विवरणांशी आकडे जुळवून घ्या.

संस्था सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. प्रणालीत तो ४५ दिवसांचा होता. टॅब, मोटारसायकल, ओळखपत्र परत येण्यावर सगळे अडायचे. आता राजीनामा आल्याच्या दिवशीच वस्तूंची यादी पर्यवेक्षकाकडे जाते.

२ फेब्रुवारी २०२६

जानेवारीचा पगार पहिल्यांदाच फक्त नव्या प्रणालीवरून झाला. काही रकमा बँकेतून परत आल्या. एक खाते बंद पडलेले, बाकीची चूक अंकांची. त्याच दिवशी दुरुस्त करून पाठवल्या.

पगारचिठ्ठी मराठीत द्यायचा आग्रह धरला होता. पडद्यावर नीट दिसायची, पण पीडीएफ काढली की जोडाक्षरे फुटायची आणि वेलांट्या सरकायच्या. दुसरा युनिकोड फाँट फाइलमध्येच बसवून घेतल्यावर जमले. विक्रेत्याचे म्हणणे होते की इंग्रजी चालेल. पण चिठ्ठी मराठीत गेल्यापासून फोन वाढले, आणि ते हवेच होते. मूळ पगार वाढला मग हातात तेवढाच का, मालकाचा हिस्सा म्हणजे काय, पेन्शनचे पैसे कुठे दिसतात. अक्कलकुव्याच्या एका ताईंनी विचारले की पूर्वी कापलेला टीडीएस परत मिळतो का. मुदतीत बसणाऱ्या वर्षांची विवरणपत्रे भरून देण्यासाठी आमच्या सीएंनी एक कर्मचारी दोन दिवस द्यायचे कबूल केले आहे.

कोणाला कोणाचा पगार दिसतो हेही आज तपासले. प्रकल्प समन्वयकांना आपल्या गटाची रजा दिसावी, पगार आणि आजारपणाचे कागद नाही. विक्रेत्याच्या मूळ मांडणीत तिन्ही एकत्र उघडत होते.

बाकी काम : मानधनावरच्या सहकाऱ्यांची नोंदणी अर्ध्यावर आहे. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढण्यासाठी उमंग ॲपवर चेहऱ्याची पडताळणी लागते, आणि काही जणींचा मोबाइल आधारला जोडलेलाच नाही. त्यासाठी मार्चमध्ये धारणी आणि धडगावला आधार केंद्राच्या मदतीने शिबिर घ्यायचे आहे, चांगले नेटवर्क मिळेल अशा जागी. ३० एप्रिलच्या आधी यादीतले प्रत्येक नाव पीएफ भरल्याच्या चलनात दिसले पाहिजे.